हॅलमसाहेबांचं मराठी

३ ऑक्टोबर २०१२

दुभाषी! अठरा वर्षं मैदानावर घालवली. महाराष्ट्राच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कप्तान होते. कोचिंगच्या परीक्षेत एकवीस पुरुषांत पहिली आले. आणि पद काय, तर परदेशी कोचची दुभाषी.

फुटबॉल क्लब पुरुषांचा, मालक सर्जेराव. हिंजवडीत त्यांची शेतं होती, आता त्याच जागी त्यांच्या इमारती आहेत. चहा मागवला, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "ताई, तुमचं ज्ञान मोठं हाय, म्या कुठं न्हाई म्हनतो? पर बॅनरवर गोरा मानूस उठून दिसतो."

हो म्हणून आले. शाळेत पोरींकडून कवायत करून घेण्यापेक्षा बरं, म्हणे. कुणी म्हटलं? मीच.

९ ऑक्टोबर

परवा आले साहेब. डेरेक हॅलम, वय एकसष्ट. उत्तर इंग्लंडातल्या खाणीच्या गावचे. अर्धे शब्द गिळतात, उरलेले चावतात. पोरांना एक अक्षर कळत नाही. मलाही सवय व्हायला दोन दिवस गेले.

गाडीत न विचारता सगळी कारकीर्द ऐकवली. सतराव्या वर्षी क्लबात. लेफ्ट बॅक. तीनशे बारा सामने, त्यातला वरच्या डिव्हिजनमधला एकच हंगाम. मग गुडघा गेला. मग मॅनेजर — सहा क्लब, सहाही ठिकाणांहून काढलं. शेवटची बातमी पेट्रोल पंपावर, रेडिओवर ऐकली. "टाकी अर्धीच भरली होती. तशीच सोडून निघालो," म्हणाले आणि हसले.

सहा वेळा नापास झालेल्या माणसाला सातवी नोकरी विमानाचं तिकीट पाठवून देतात. मी एकदाच पास झाले, तेच चुकलं!

२१ ऑक्टोबर

हरलो. ०–३. साहेबांचं सांगणं एकच — बॉल लांब मारा आणि पळा. आपली पोरं समोरच्यांच्या खांद्याला लागतात. उंच आलेला प्रत्येक बॉल त्यांचाच! मी मात्र शब्दन् शब्द भाषांतर केलं. कामाला चोख.

२८ ऑक्टोबर

पुन्हा हरलो. ०–२.

४ नोव्हेंबर

आज केलं.

हाफटाइमला ०–१. साहेब म्हणाले, "लांब मारा." मी पोरांकडे वळले. "साहेब म्हणतात, बॉल जमिनीवर ठेवा. छोटे पास. मकसूद, तू मागे येऊन बॉल घ्यायचा."

मकसूद आमचा कप्तान. कसबा पेठेच्या बोळांत खेळून शिकलेला, त्याला छोटा पास सांगावा लागत नाही. माझ्याकडे रोखून बघत राहिला. "साहेब असं म्हणाले, मॅडम?"

"असंच म्हणाले."

२–१ जिंकलो!

२ डिसेंबर

सलग पाचवा विजय. साहेब काय बोलतात आणि मी काय सांगते, यांचा आता काहीएक संबंध उरलेला नाही. ते तोंड हलवतात, संघ मी चालवते.

पेपरात फोटो आलाय. 'हॅलमची जादू'. फोटोच्या कडेला माझं कोपर. कोपर!

१६ डिसेंबर

सर्जेरावांनी साहेबांचा सत्कार केला. शाल, पगडी, भाषण. भाषणाचं भाषांतर अर्थात मी केलं. माझं नाव त्यात नव्हतं. मध्येच घालावंसं वाटलं, घातलं नाही. दुभाष्याने प्रामाणिक असावं!

६ जानेवारी २०१३

सराव संपल्यावर साहेब बाकावर बसून बूट सोडत होते. सरळ सांगितलं — ड्रेसिंग रूममधले शब्द माझे आहेत, तुमचे नाहीत.

मान वर केली नाही. "माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. मी लांब म्हणतो आणि पोरं छोटे पास खेळतात. आंधळा आहे का मी?"

"मग गप्प का बसलात?"

"जिंकत होतो, शालू." दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "हा हंगाम संपेपर्यंत राहू दे."

कीव यायला हवी होती. राग आला. म्हटलं, उद्याच सर्जेरावांना सांगणार. म्हणाले, "सांग. त्यांनी विचारलं तर मी हो म्हणेन."

७ जानेवारी

सांगितलं. सर्जेरावांनी साहेबांना बोलावून विचारलं. साहेब खरंच म्हणाले — सगळं हिचंच. शब्दन् शब्द. एवढं इंग्रजी सर्जेरावांना कळतं.

सर्जेराव पोट धरून हसले. "बघा ताई, इंग्रज मानूस किती नम्र असतोय!"

घरापर्यंत चालत आले. रडू आलं नाही. दात दुखतायत, इतके आवळले होते.

२७ जानेवारी

साहेबांना टायफॉइड. दवाखान्यात आहेत. बाकावर मी एकटी — पहिल्यांदाच माझं तोंड आणि माझेच शब्द.

सामना बरोबरीत सुटला असता तरी अंतिम फेरी नक्की होती. मला बरोबरी नको होती. मला पाच गोल हवे होते, कोपर नको होतं. सगळ्यांना पुढे पाठवलं. मकसूद दोनदा धावत आला, "मॅडम, मागे कुणीतरी थांबू द्या!" दोन्ही वेळा म्हटलं, "जा पुढे."

०–५. हंगाम संपला. चूक माझी. फक्त माझी.

२८ जानेवारी

सर्जेराव दोन पत्रकारांना घेऊन दवाखान्यात आले. मी आधीच तिथे होते, माफी मागायला. अजून मागितली नव्हती.

एकाने विचारलं, "काल संघ कुणी ठरवला?" मी प्रश्न साहेबांना सांगितला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. ओठ कोरडे पडलेले. मग म्हणाले — फोनवरून मीच ठरवला. सगळ्यांना पुढे मीच पाठवलं. हिने नको म्हटलं होतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

शब्दन् शब्द भाषांतर केलं. काहीही बदललं नाही.

३१ जानेवारी

साहेबांना काढलं. सर्जेरावांचा फोन आला, "ताई, दुसरा कुनी गावंपतुर तुमीच सांभाळा आता." मी हो म्हटलं.