बंब बंद केलास का?

लाँगफर्ड, बुधवार

प्रिय असंप्टाताई,

धाकट्या डिंपनाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींची कवळी (सापडली का?) यांची चौकशी आधीच करून घेते, कारण पुढे मला दम खायला फुरसत नाही. आमच्या घरातला बंब काढला, ताई. तोच, वरच्या कपाटातला विजेचा तांब्याचा. ऊब टिकावी म्हणून चाळीस वर्षं लाल जॅकेट घालून बसला होता (माझ्या नवऱ्याला, मॅलकीला, स्वतःला एवढं धड जॅकेट नाही). त्याच्या उबेवर टॉवेल वाळले, पाव फुगले, आईच्या शेवटच्या आजारात तिच्या बंड्या ऊन झाल्या. आता पाणी तापवायला अंगणात एक पंख्याची पेटी आहे. ती आपली आपण चालू होते, आपली आपण बंद होते, आणि घात झाला तो इथेच.

तुला ठाऊकच आहे, विजेच्या बिलाच्या धास्तीनं मॅलकीचं अर्धं आयुष्य 'बंब बंद केलास का?' एवढंच विचारण्यात गेलं. मधुचंद्राला निघालो तर त्यानं अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. मामांची शवपेटी खाली सोडत असताना मला ढोसून हाच प्रश्न, आणि फादर प्रार्थना थांबवून म्हणाले, 'अरे देवा, माझाही राहिला बहुतेक.' (मग सगळेच घड्याळं पाहू लागले. मामा तसेच लटकलेले.) तर किल्बेन प्लंबरनं बंब उतरवला, तो जिन्याच्या वळणावर अडकला, मॅलकी वर आणि आम्ही खाली. दोन तास त्याला मासेमारीच्या गळानं सँडविचेस पोचवली. बंब दाराबाहेर पडला तेव्हा मॅलकीनं टोपी काढली, आणि त्या दिवसापासून तोंडच उघडलं नाही. बटाटे ताटात तसेच. डॉक्टर म्हणाले, रक्त ठणठणीत आहे. ताई, नवरा ओरडतो म्हणून चाळीस वर्षं कपाळ बडवलं आणि आता ओरडत नाही म्हणून मी न्हाणीघरात बसून रडले.

शेवटी किल्बेनला केक चारला आणि जुनं बटण भिंतीवर परत बसवून घेतलं. बटणापासून पुढे तारा कशालाच जोडलेल्या नाहीत, नुसता लाल दिवा लागतो. मॅलकीला सांगितलं, 'कडाक्याच्या थंडीत जादा जोर लागला तर असू दे म्हणाला किल्बेन.' रविवारी दिवा मुद्दाम चालू ठेवून चर्चला गेले. परतते तो जिन्यातूनच गर्जना, 'डिंपने! अख्ख्या लाँगफर्डला आंघोळ घालायचीय का?' त्या दुपारी त्यानं दोनदा बटाटे मागून घेतले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भावोजींना सांभाळ, गुडघ्याला शेक दे.

तुझी,
डिंपना

ता. क. रोज मीच विसरते हे आता संशयास्पद दिसायला लागलंय. म्हणून मंगळवारी फादर आले तेव्हा माझ्या सांगण्यावरून ते बटण चालू ठेवून गेले. या रविवारी तू जेवायला ये आणि निघताना वर जाऊन तेवढं बटण दाबून जा.

ता. क. दुसरा. असंप्टाताई, मी मॅलकी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. त्या तारा कुठेच जात नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी बटण उघडून पाहिलंय. पण एकाहत्तर वर्षांची बाई बूट हातात घेऊन चोरपावलांनी जिना चढते आणि खाली येऊन गालातल्या गालात हसते. खरा बंब होता तेव्हा ती कधी अशी हसली नव्हती. तर रविवारी जरूर या, बटण दाबा, मी ओरडेन. आणि घरून निघताना तुमचा बंब तेवढा बंद करून या.