कर्णधाराची कबुली

प्रिय धाकट्या,

‘चिरंजीव’ लिहायची सवय तू गेल्यापासून मोडतो आहे.

सामने विकल्याची कबुली कर्णधाराने आज दिली. तुझं खरं ठरलं. त्याच्या निर्दोषत्वावर मी फक्त स्तोत्र रचायचं बाकी ठेवलं होतं. तू हसलास, म्हणून दोन वर्षं अबोला धरला.

आज तुझ्या बायकोला फोन केला. म्हणाली, “भाऊजी, दवाखान्यातून मी तीनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. हे म्हणत होते, ‘दादाला सांग, कर्णधार निर्दोष आहे, मी हरलो. तेवढ्यानं तरी येईल तो.’”

गाढवा, सगळे पुरावे तुझ्या बाजूने होते! आणि इकडे फोन वाजत असताना मी टीव्हीवर त्याचंच जुनं शतक पाहत होतो. मी आवाज वाढवला.

तुझाच,
दादा