डाव्या हातानं पेटणारं काहीतरी

प्रिय बारक्या,

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण काही नाही. मी बरी आहे. जेवते, झोपते, शिवणाचे क्लास घेते. दात काढताना इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला की तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो ना, तसं मला गेली तीन वर्षं होतंय. त्रास असा काही नाही.

बातमी अशी की तुझ्या भाचीला नोकरी लागली. ह्यांच्याच कार्यालयात, ह्यांचंच काम, डोंगरावरच्या टॉवरची यंत्रं दुरुस्त करायचं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "आई, काहीतरी बोल की गं," म्हणाली. मी म्हटलं, लोकरीचे मोजे दोन जोड घे. हसली. तुझ्या भावोजींसारखीच जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरते अजून.

आता नव्या माणसाला आणीबाणीची पिशवी स्वतःच भरायला लावतात. तू स्टोअर सांभाळायचास तेव्हा ती तिथूनच भरून यायची. आता नुसती यादी देतात. शिट्टी, बॅटरी, पट्ट्या, अंगाभोवती गुंडाळायची चकाकती चादर, हे सगळं तिनं आणलं. "आग पेटवण्याची साधनं, किमान तीन प्रकारची" या ओळीवर मात्र तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे तू बघ." पूर्वी एकच लायटर असायचा. तीनचा नियम ह्यांच्यानंतर आला.

गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. दुकानदार मिशीवाला, बोलघेवडा. "किती दिवसांची सहल, काकू?" म्हणाला. मेण लावलेल्या काड्या दाखवल्या, घट्ट झाकणाच्या डबीत, घासायची पट्टीसुद्धा आतच. म्हणाला, "साधी काडी भिजली की नवऱ्यासारखी होते बघा, कितीही घासा, पेटत नाही." मी हसले नाही, तसा बिचारा वरमला आणि नीट समजावून सांगायला लागला. लायटर सगळ्यात सोपा, पण कडाक्याच्या थंडीत आतला गॅस आखडतो, तेव्हा तो आधी काखेत धरून ऊबवायचा. तिसरी म्हणजे बोटाएवढी काळी कांडी. सुरीच्या पाठीनं खरवडली की ठिणग्या पडतात, भिजली तरी. पण नुसत्या ठिणगीनं आग होत नाही, ती झेलायला काहीतरी लागतं. कापसाच्या बोळ्यात व्हॅसलिन चोळून ठेवा, म्हणाला, चार-पाच मिनिटं सहज जळतो. आणि तिन्ही वस्तू एका जागी ठेवायच्या नाहीत. एक पिशवीत, एक खिशात, एक गळ्यात. पिशवी दरीत गेली तरी माणूस उरतो.

मी तिन्ही घेतल्या आणि घरी येऊन गॅलरीत जुन्या तव्यावर पेटवून बघायला बसले. कांडीवर काळा लेप असतो, तो आधी खरवडून काढावा लागतो, हे तो सांगायचा राहिला. पाव तास नुसतीच घासत बसले. मग जमलं. मग हातमोजे घालून जमवलं. मग उजवा हात मफलरनं छातीशी बांधला. ह्यांचा उजवा खांदा पडताना निखळला होता, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं, ते तुला आठवत असेल. कांडी चपलेखाली दाबून धरली आणि डाव्या हातानं खरवडली. अकराव्या खेपेला कापूस पेटला. शेजारीण तिच्या गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "वहिनी, डासांचा बंदोबस्त चाललाय का?" मी हो म्हटलं. हात सोडून द्यायलाही मग तीच घरी आली.

शोधपथकाचा प्रमुख तेव्हा मला भेटायला आला होता, ते तुला कधी सांगितलं नाही. चांगला माणूस. माझ्या समाधानासाठी म्हणून त्यानं सांगितलं की ह्यांचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. खडकाच्या आडोशाला सरपण रचून ठेवलेलं होतं. बारीक काटक्या वेगळ्या, मधल्या वेगळ्या, जाड वेगळ्या. भिजू नये म्हणून थोडी साल जॅकेटच्या आत धरलेली. सगळं तयार होतं, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं, तो पाणी पिऊन गेला.

आणि चौकशीत तू उभा राहिलास. लहानपणी गोट्यांचीसुद्धा यादी करणारा तू. पिशवी तपासून तू सही केली होतीस, आणि पिशवीत लायटर नव्हता. त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ठेवला होता असं वाटतं, पण शपथेवर नाही सांगता येत." तुझ्याकडून स्टोअर काढून घेतलं, त्या लांबच्या गोदामावर पाठवलं. सासूबाई अजून तुझं नाव काढलं की उठून आत जातात. तू लिहिलं आहेस की हल्ली घराबाहेर पडताना तीन-तीनदा परत येऊन कुलूप ओढून बघतोस, स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. चौकशीच्या खोलीत मी तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर होते. तुझा गुडघा हलत होता, तो मी हातानं धरून ठेवला होता.

त्या दिवशी सकाळी घरातली काडेपेटी संपली होती. ह्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. तिच्यातून लायटर काढून मी चहा ठेवला, आणि तो ओट्यावरच राहिला. हे कामावर निघून गेल्यावर तासाभरानं मला दिसला. फोन करता आला असता. मला वाटलं, संध्याकाळी तर येतील. तो लायटर मी शिलाई मशीनच्या खणात ठेवला, इतकी वर्षं तिथंच होता. परवा तो रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवून, ओल्या डाव्या हातानं पेटवून बघितला. पेटला नाही. पाच मिनिटं काखेत धरला, पेटला. चारदा करून बघितलं, चारही वेळा पेटला. हे सगळं मी कार्यालयाला सहीनिशी लिहून पाठवलं आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. आज दुपारी लेकीला सांगितलं. ती डबीत कापसाचे बोळे भरत होती. तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. मग विचारलं, "मामाला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. तिनं उठून वहीतला कागद फाडला, माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. क्षमा कर असं लिहायला हवं, पण तो शब्द लिहून मला आत काही होत नाही, म्हणून लिहीत नाही. एवढंच लिहिते. लायटर पिशवीत होता, बारक्या. तू ठेवला होतास.

तुझीच,
ताई