मागच्या सीटवरचे वजन

मी, वत्सला दत्तात्रय नवलगुंदकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार नवनगर, हुबळी, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते आज सांगत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. डॉक्टर जयतीर्थ यांनी आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. झटक्यानंतर उजवा हात, उजवा पाय आणि बरीचशी जीभ माझ्या ताब्यात राहिलेली नाही. म्हणून मी बोलते आहे आणि माझा एके काळचा विद्यार्थी, वकील श्रीवत्स, लिहून घेतो आहे. माझे वाक्य पुरे होईपर्यंत थांबायचे त्याने कबूल केले आहे. या घरात ती सवय दुसऱ्या कोणाला नाही.

१. नवनगरचे राहते घर मुलगा स्वप्नील आणि मुलगी नेत्रा यांना समान वाट्याने. दोघांनी भांडू नये असे लिहिणार होते. ती भांडतील. भांडताना एकमेकांचे बोलणे पुरे होऊ द्यावे.

२. बँकेतील ठेवी नेत्राला. स्वप्नीलने कारण विचारू नये. त्याला गाडी मिळणार आहे. ते कलम पुढे येते.

३. पुस्तके धारवाडच्या माझ्या कॉलेजने घेतली तर कॉलेजला. त्यांनी घेतली नाहीत तर ज्याला वाचायची असतील त्याला. असे कोणी नसेल तर मला कळवायची सोय नाही, हे बरे.

४. माझे दिवंगत पती दत्तात्रय यांचे पाने, जॅक आणि बाकीची हत्यारे मंजुनाथ यास. त्याचे गोकुळ रोडवर गॅरेज आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे श्रीवत्स म्हणतो. त्यामुळे मंजुनाथ बाहेर व्हरांड्यात बसला आहे. त्याला चहा द्यावा.

५. माझ्या इरकली साड्या नणंद अंबूताई यांना. त्यांनी नेसल्या नाहीत तरी चालेल. कारण पुढच्या कलमात आहे.

६. गाडी. १९७२ सालची फियाट, रंग हस्तिदंती. कागदोपत्री माझ्या नावावर. ती चालवत मी वर्षानुवर्षे धारवाडला शिकवायला गेले. हे शेजारी बसत आणि रिकाम्या जागी पाय दाबून ब्रेक लावत. हे गेल्यावर गाडी मी चालवत होते. झटक्यानंतर स्वप्नील चालवतो आणि मी मागे बसते. माझा पाय दुमडत नाही, म्हणून मागच्या सीटवर आडवे बसावे लागते, आणि मी घसरते, म्हणून कोणीतरी धरून बसावे लागते.

या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी स्वप्नीलने मागची दोन चाके बदलली. रुंद टायर, चकाकत्या अलॉयवर. मी व्हरांड्यात खुर्चीत होते. मी म्हणाले, "ती चाके काढू नकोस." हे म्हणून होईपर्यंत एक बाजू उतरली होती.

"अगं आई, लुक बघ की," तो म्हणाला. "मागून सिंहासारखी दिसते."

मदतीला आलेला मंजुनाथ म्हणाला, "अण्णा, मागे दोन माणसं बसवून बघायला पाहिजे. रिकाम्या गाडीत काय कळतंय?"

"उद्या बसणारच आहोत की सगळे."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबे, आणि घरातली सगळी हत्यारे कुंकू लावून पाटावर मांडलेली. मग आम्ही सिद्धारूढ मठाला निघालो. पुढे स्वप्नील आणि नेत्रा, मागे मी आणि मला धरून अंबूताई. उणकलच्या अलीकडे घासल्याचा आवाज आला, मग जळक्या रबराचा वास. आमच्या वजनाने गाडी मागून खाली बसली होती आणि टायर मडगार्डच्या कडेला लागत होता.

स्वप्नील म्हणाला, "नेत्रा, तू उतर." नेत्रा उतरली. टायर लागतच होता. अंबूताई उतरल्या. उतरताना म्हणाल्या, "वत्सला, रात्रीचं जेवण सोड बाई आता. दूध घेत जा." त्या माझ्याहून जाड आहेत. त्या उतरल्यावर मी कलंडले, आणि टायर तरीही लागत होता. माझ्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे जुने आहेत, थकलेले.

मग चहाच्या गाड्यावरची दोन माणसे आली. त्यांनी मला उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवले. स्वप्नीलने गाडी पुढे नेऊन परत आणली. आवाज नव्हता.

"बघ," तो नेत्राला म्हणाला. "आई उतरली की लागत नाही."

त्याच्या मनात वाईट काही नव्हते. तो टायरबद्दल बोलत होता.

नेत्राने मंजुनाथला फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. मी त्याला सांगितले की जुनी चाके परत बसव. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "अक्कोरे, हत्यारं पूजेला बसलीत. आज पाना उचलता येत नाही. उद्या उठवतो." बरोबर होते. आमच्याही घरात जॅक पाटावर होता, आणि तो तिथे मीच ठेवायला लावला होता. मी रिक्षाने घरी आले.

दसऱ्याला हत्यारे उठायच्या आत स्वप्नीलने जुनी चाके दुर्गदबैलच्या भंगारवाल्याला दिली. घर स्वच्छ दिसावे म्हणून. मंजुनाथ शोधत गेला. ती एका हातगाडीला बसवलेली त्याला दिसली. गाडीवर जोंधळ्याची पोती होती. हातगाडीवाला चाके द्यायला तयार नव्हता. तो म्हणाला, "चांगली आहेत. ओझं घेतात."

मडगार्डची आतली कड थोडी कापली तर मी मागे बसू शकेन, असे मंजुनाथ सांगतो. मी परवानगी दिली. स्वप्नील म्हणतो, "बॉडी ओरिजिनल पाहिजे गं. बेंगळूरच्या रॅलीत बघतात." टायर ओरिजिनल आहेत का, असे मी विचारत होते. मी शेवटच्या शब्दापर्यंत आले तेव्हा तो खोलीत नव्हता.

मला एकदा त्या गाडीत बसून धारवाडला जायचे आहे. दुसऱ्या गाड्या मिळतात, हे मला सगळ्यांनी समजावून सांगितले आहे.

श्रीवत्सला मी म्हणाले, "लिही, कड कापून मला धारवाडला न्यावे."

तो लिहायचा थांबला. "मॅडम, हे मृत्युपत्र आहे. तुम्ही गेल्यावर लागू होतं."

"मग आधी लागू होणारा कागद कोणता?"

"तसा कागद नसतो, मॅडम. स्वप्नीलशी बोलायला पाहिजे."

गाडी कोणाला मिळावी हे मी ठरवू शकते. गाडीत मी बसावे हे ठरवू शकत नाही. तेव्हा गाडी स्वप्नीलला, आहे त्या टायरांसह. कड कापायची की नाही ते त्याने ठरवावे. अट घालत नाही. अट पाळली का, हे बघायची वेळ येईल तेव्हा मी उतरलेली असेन.

७. दहन हुबळीत करावे. अस्थी गोकर्णाला न्याव्यात, त्या या गाडीतून. कलश मागच्या सीटवर, माझ्या बाजूला ठेवावा. धरून बसायला कोणी नको. सरळ रस्ता सोडून आधी धारवाडला जावे. वाट वाकडी पडेल, पडू द्यावी. कॉलेजच्या फाटकापाशी थांबायची गरज नाही. वेग कमी केला तरी पुरे. तेवढ्या वजनाने टायर लागणार नाही. मी मंजुनाथला विचारून घेतले आहे.

वरील मजकूर श्रीवत्सने मला सावकाश वाचून दाखवला. तो माझाच आहे. सही जमत नाही, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा देत आहे.

(डाव्या हाताचा अंगठा)
वत्सला दत्तात्रय नवलगुंदकर

साक्षीदार:
१. डॉ. जयतीर्थ हळ्ळीकेरी, नवनगर (सही)
२. अ‍ॅड. श्रीवत्स नरगुंदकर, धारवाड (सही)

स्थळ: नवनगर, हुबळी
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५