रोह्याहून जा, रोह्याला ये

बाबा,

मी आतापर्यंत नऊ देश पाहिले. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी सांगते. ओमान, व्हिएतनाम, तुर्कस्तान, इंडोनेशिया, केनिया, पोलंड, इजिप्त, श्रीलंका आणि गेल्या महिन्यात पेरू. यातले पहिले चार तुम्ही असतानाचे. त्या चारांपैकी एकाचंही नाव तुम्ही पेणच्या आपल्या आळीत कधी उच्चारलं नाहीत, म्हणून आज सगळी एका दमात लिहून टाकली. तुम्हीही अशीच म्हणून दाखवायचात. कारखान्यात गिऱ्हाईक येऊन बसलं, चहा आला, की मूर्तीचे डोळे काढता काढता सुरू व्हायचात: मॉरिशस, अमेरिका, थायलंड, ऑस्ट्रेलिया, लंडन. लंडन हा देश नाही, हे मी सातवीत असताना सांगितलं, तर ब्रश न हलवता म्हणालात, "आपला गणपती गेला ना तिथं? मग झाला देश." गिऱ्हाईक हसलं. मीही हसले असेन.

परदेशचा माल होळीच्या आसपास निघायचा. पेंढा, थर्माकोल, पुठ्ठ्याचे तुकडे, बाहेरून लाकडी खोकं. खोक्यावर देशाचं नाव लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं. जगाचा नकाशा मला शाळेच्या आधी त्या खोक्यांनी शिकवला, हे मी मान्य करते. तुम्ही प्रत्येक देशाबद्दल असं बोलायचात, जणू मूर्तीबरोबर स्वतः जाऊन आलात. अमेरिकेत थंडी फार, रंगाला तडा जातो. मॉरिशसचे लोक प्रेमळ, पण सोंड डावीकडेच लागते. तुम्ही पनवेलच्या पलीकडे वर्षातून दोनदा जात होतात, तेही रंग आणायला.

मी उपकरणशास्त्र शिकले. धान्य, दूध, स्टार्च असलं काही सुकवणारी मोठी यंत्रं बनवणाऱ्या रोह्याच्या कंपनीत लागले. यंत्र परदेशात पोचलं की तिथे जाऊन त्याचं तापमान, दाब, ओलावा मोजणारी उपकरणं बसवायची, तपासायची आणि यंत्र सुरू करून परत यायचं, हे माझं काम. पहिल्यांदा ओमानला गेले, महिनाभराने परत आले. मोठी निळी बॅग घेऊन रिक्षाने थेट आळीत उतरले. कारखान्यात दोन गिऱ्हाइकं होती आणि शेजारच्या कारखान्यातले काका होते. काकांनी बॅगेकडे बघून विचारलं, कुठली स्वारी? मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही म्हणालात, "रोह्याहून आली. रूम बदलायची म्हणून सामान आणलंय."

मी आत गेले. आई सोडे निवडत होती. पाठोपाठ तुम्ही आलात. साच्यातून निघालेल्या मूर्तीची शिवण खरवडायचं पातं हातात होतं, त्याने तुम्ही बॅगेच्या मुठीवरची विमानतळाची पट्टी कापलीत आणि चुरगाळून चुलीशेजारच्या टोपलीत टाकलीत.

"ही बॅग परत आळीत आणू नको."

"का?"

"लोक विचारतात. एकटी पोरगी महिना महिना कुठं असते."

"कामावर असते."

"मला माहीत हाय गो. त्यांना नाय समजत."

"मग तुम्ही समजवा."

तुम्ही आईकडे बघितलंत. आई सोड्यांकडे बघत होती. मग तुम्ही ते वाक्य बोललात. त्यानंतरची सगळी वर्षं मी त्यावर चालले. "मी नाय म्हटलंय का तुला? जा कुठं जायचं तिथं. रोह्याहून जा, रोह्याला ये."

तेव्हा मला हा सौदा स्वस्तातला वाटला. माझ्याबरोबरच्या मुलींना घरून पुण्यालाही सोडत नव्हते. मला जग मोकळं होतं, फक्त ते रोह्याच्या नावाने पाहायचं होतं.

म्हणून कसं व्हायचं ते ऐका. विमानतळावरून येणारी गाडी रोह्याला जायचं तर पेणवरूनच जाते. स्वतःच्या गावाचं वळण काचेतून मागे जाताना बघायचं, नागोठण्यावरून रोहा गाठायचं, कंपनीतल्या मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन बॅग तिच्या पलंगाखाली सरकवायची, अंघोळ करून साधा ड्रेस घालायचा, डब्याची पिशवी खांद्याला लावायची आणि रेल्वेने उलटं पेणला यायचं. एकदा ड्रायव्हरने विचारलं, मॅडम, तुम्ही पेणच्या म्हणता, मग पेण सोडून कुठे निघालात? मी म्हटलं, सामान ठेवायला. तो आरशातून बघत राहिला. मैत्रीण या सगळ्याला रोह्याचं कस्टम म्हणायची. पिशवीत परदेशी चॉकलेट दिसलं की काढून घ्यायची आणि म्हणायची, "माल जप्त. आता जा, तुझं कस्टम झालं." आळीच्या तोंडाशी काका असायचेच. कुठून आलीस गो? रोह्याहून. यात खोटं काही नव्हतं, आणि तेच जास्त खुपायचं.

घरी आई ओट्याकडे तोंड करून हळू आवाजात विचारायची, तिथे भात मिळतो का, बायका नोकरी करतात का. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. व्हिएतनाममध्ये मी कंदाच्या पिठाचं ड्रायर सुरू केलं, ते तुम्हाला आवडलं असतं. तुम्ही दर आषाढात मूर्तींसमोर मोठे दिवे लावून बसायचात, बाहेर हवेत पाणी आणि आत शाडूत पाणी, घाई केली की तडा. तिथेही तसलीच हवा, तसलीच घाई. त्यांच्या फोरमनने तापमान वाढवायला सांगितलं, मी नाही म्हटलं, आणि दोन दिवस आमचं भांडण चाललं. हे भांडण मला तुम्हाला साभिनय सांगायचं होतं. ते तसंच राहिलं.

तुर्कस्तानातून मी तुम्हाला ब्रश आणला. जुन्या बाजारातल्या एका दुकानात म्हाताऱ्याने पाण्यात बुडवून टोक दाखवलं, केसाएवढं. तुम्ही तो अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलात, म्हणालात, "बरा हाय," आणि त्याच दिवसापासून वापरायला लागलात. आठवड्याने एका गिऱ्हाइकाने विचारलं, हा असला ब्रश कुठे मिळतो? मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. तुम्ही मला पाहिलंत आणि म्हणालात, "मुंबईहून मागवला." मी कप खाली ठेवले. एकही सांडला नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. ऐन हंगामात, सकाळी, पाटावर बसल्या बसल्या. मी इंडोनेशियात होते, शहरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. फोन आल्यापासून मी एक जीप, एक बोट आणि दोन विमानं बदलली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेणला पोचले. तोवर सगळं उरकलं होतं. तुम्हाला ठेवणं शक्य नव्हतं, ते मला कळतं. मला जे कळत नाही ते माझं स्वतःचं वागणं. आळीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली, खांद्यावरची पिशवी घेऊन उतरले आणि ड्रायव्हरला मैत्रिणीचा पत्ता देऊन मागची निळी बॅग रोह्याला पाठवून दिली. बाप गेलेला असताना मी त्याचा नियम पाळत होते.

ओटीवर माणसं बसली होती. काका उठले. त्यांचे डोळे सुजले होते, तुम्हाला खांदा त्यांनी दिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "रोह्याहून यायला दोन दिवस लागले गो तुला?"

आईने पदर सारखा केला. तिथे एक वाक्य पुरलं असतं. ते बोलायचं तर मेलेल्या माणसाला त्याच्याच ओटीवर खोटं पाडावं लागत होतं. मी म्हटलं, रजा मिळाली नाही. काकांनी मान हलवली. त्या दिवसापासून आपल्या आळीत मी बाप गेल्यावर रजा मागत बसलेली मुलगी आहे. तुमच्या तेराव्याला, काकांच्या मुलाच्या लग्नात, दरवर्षी गणपतीत, कोणाच्या ना कोणाच्या तोंडून हे येतंच, कधी टोमणा म्हणून, कधी नुसतंच. तुमची अब्रू सांभाळायला मी माझी दिली, आणि तुम्ही ती घेऊन निघून गेलात.

मला वाटलं होतं, राग इथपर्यंतच आहे. मग केनिया झालं.

तिथल्या दूध पावडरच्या कारखान्यात एक मराठी गृहस्थ होते. गणपतीत त्यांनी मला घरी जेवायला नेलं. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मूर्ती होती. दरवर्षी नवी कुठून आणणार, म्हणून मोठी मूर्ती ते कायम ठेवतात आणि सुपारीचं विसर्जन करतात. मी हात जोडले आणि वर पाहिलं. डाव्या डोळ्याची वरची रेघ तुम्ही एका श्वासात ओढायचात आणि शेवटाला किंचित उचलायचात. उजव्या डोळ्याला कधी उचलली नाहीत. मी जोडलेले हात तसेच धरून उभी राहिले. पेणमध्ये तुमचं एकही काम शिल्लक नाही, सगळं नदीत विरघळलं. आणि इथे तुम्ही काचेआड बसून माझ्याकडे बघत होतात.

घरच्या बाईंना मी पेणची आहे हे कळल्यावर त्या खुलल्या. म्हणाल्या, "आमचे मूर्तीवाले काका पेणचेच हो. डोळे काढताना फोनवर दाखवायचे. ब्रश असा कॅमेऱ्याला लावून म्हणाले, हा माझ्या लेकीनं तुर्कस्तानातून आणलाय. ओमानला जाऊन आली, व्हिएतनामला जाऊन आली, एकटी जाते, मशिनी चालू करून देते. तुमच्याकडंपण येईल बघा एक दिवस. फार कौतुक हो त्यांना. त्याच वर्षी गेले म्हणे. तुम्ही ओळखत असाल?"

मी म्हटलं, पेणला कारखाने खूप आहेत. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक मोदक वाढला. तो मी ताटात तसाच ठेवला. मला रडू आलं नव्हतं. मला राग आला होता.

कारण मला आपला कारखाना माहीत आहे. पुढच्या खोलीत काका, मुलं, गिऱ्हाइकं. तिथून तुम्ही हे बोलला असणं शक्य नाही. तुम्ही मागच्या, पंखा नसलेल्या खोलीत गेला असाल, दार लोटलं असेल, आणि जिला कधी भेटणार नव्हतात अशा बाईला माझे देश ओळीने म्हणून दाखवले असतील, जसे इतरांना तुमचे दाखवायचात. म्हणजे ते तुम्हाला पाठ होते. आई ओट्याशी विचारायची आणि मी सांगायचे, तेव्हा तुम्ही भिंतीपलीकडे ऐकत होतात. उपकरण सतत एकाच बाजूला चुकत असेल तर माझी हरकत नसते, तेवढी चूक वजा करून काम चालतं. पण तुम्ही आळीला एक आकडा दाखवत होतात आणि समुद्रापलीकडे दुसरा. खरा आकडा तुम्हाला ठाऊक होता. तुम्हाला लाज वाटत असती तर मी समजून घेतलं असतं, निदान रागावून मोकळी झाले असते. तुम्हाला अभिमान होता, आणि तो तुम्ही माझ्यापासून लपवलात. ओटीवर मला तो लागत होता, बाबा. काकांसमोर. एका वाक्याएवढा.

आता पुढचं. मला मंगोलिया बघायचाय, नंतर आइसलँड. कामासाठी नाही. जिथे आमचं एकही यंत्र नाही आणि तुमचा एकही गणपती गेलेला नाही अशा देशात मला सुट्टी काढून जायचंय आणि काहीही न तपासता नुसतं बसायचंय. मॉरिशसला जाणार नाही, ते तुम्ही पाहिलंय. त्याआधी आईला व्हिएतनामला नेणार आहे. तिचा पासपोर्ट आलाय. फोटोत ती घाबरलेली दिसते, पण दिवसातून एकदा तो कपाटातून काढून बघते. परवा म्हणाली, आळीत काय सांगायचं गो? मी म्हटलं, व्हिएतनाम सांग. तिने ते नाव दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं आणि म्हणाली, "सांगू की. आल्यावर सांगू."

मी चिडले. म्हटलं, जातानाच सांगायचं, भर दुपारी, मोठ्या बॅगा घेऊन कारखान्यांसमोरून चालत जायचं, आणि काकांनी विचारलं की थांबून उत्तर द्यायचं. मी बरंच बोलले. ती ऐकून घेत होती, आणि मग तिने सहज विचारलं की मग तुझी बॅग कुठाय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे खरं ते लिहायला हरकत नाही. पेरूहून आले तेव्हा पहाट उलटली होती. पेण जवळ आल्यावर ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि विचारलं, मॅडम, आत घेऊ? तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली. मैत्रिणीचं लग्न झालं, तिची खोली गेली, फ्लॅट आला, पलंगही नवा आहे. मी म्हटलं, नको, पुढे चला, रोह्याला.

बॅग अजून तिथेच आहे.