लाडवाच्या डब्यातली घसरण

न्यू लिन, ऑकलंड
दिवाळीनंतरचा रविवार, २००५

प्रिय प्रमोद,

तुला आणि शकुवहिनींना या भाऊसाहेबाचा कमरेला झेपेल तेवढा वाकून नमस्कार. तुझा उजवा गुडघा जिना चढू देतो का? मोतीबिंदू काढल्यावर पेपर पुन्हा शेवटच्या पानापासून वाचायला लागलास की नाही? मी ठीक आहे. इथे नोव्हेंबरात वसंत असतो. शाळेत ज्या क्रमाने आपण ऋतूंच्या कविता पाठ केल्या, तो क्रम इथल्या झाडांना कुणी शिकवलेला नाही, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला माझ्या तोंडी फुलाफांद्यांच्या ओळी येत होत्या आणि रवींद्र म्हणत होता, ‘बाबा, आधी आरती.’

पत्रास कारण आफ्रिका. दचकू नकोस. सूनबाई मृणालिनी इथल्या पेनरोज भागात, कागद विकणाऱ्या एका कंपनीत लागली आहे. दक्षिण आफ्रिकेतून झांबियाला वर्तमानपत्राचा कागद किती जातो, वाढतो की घटतो, याचा दहा वर्षांचा अहवाल तिला लिहायचा होता. तिथे आपला कागद खपेल का, हे तिच्या साहेबांना पाहायचंय. (इथे साहेबाला सरळ नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नाही.) अहवाल पसंत पडला तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा दारोदार अर्ज. म्हणून महिनाभर घरात आकड्यांची पानंच पानं. सोफ्यावर झांबिया, जेवणाच्या टेबलावर झांबिया. ती बिचारी कामावरून येऊन एकेका महिन्याचा आकडा कॉम्प्युटरात भरायची. फराळाला तिला सवड कुठली? तेव्हा बेसनाचे लाडू मी केले. (वळताना दोन-तीन चौकोनी झाले. चवीला गोलच होते.)

मग आलेख तयार झाला. रेघ छान डोंगर चढत जाते आणि २००१ साली एकदम दरीत! ‘बाबा, इथे काय झालं असेल हो?’ मृणालिनी रडकुंडीला आलेली. वर्तमानपत्राचा कागद म्हटल्यावर मला सांगलीच्या गोदामातली ती रिळं आठवली, त्या कोऱ्या कागदाचा ओलसर वास आठवला, आणि मी बोलून गेलो, ‘पाऊस! आमच्या गोदामात पाणी शिरलं तेव्हा आठवडाभर चारच पानांचा पेपर निघत होता.’ (‘आमच्या’ या शब्दाकडे नंतर येतो.) रवींद्र म्हणाला, ‘बाबा, झांबिया नकाशात तरी पाहिलाय का तुम्ही?’ पण मृणालिनीला बुडताना काडी मिळाली होती. तिने साहेबांना सांगितलं, आणि साहेब मला भेटायला आज दुपारी फराळाला हजर!

माणूस मोठा गोड. ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करत आला, पायातले जँडल्स (म्हणजे आपल्या रबरी चपला) न सांगता दाराशी काढले. मी गोदाम सांगत होतो, ते लाडू खात होते. भरात मला दोन ओळी सुचल्या:

जिथे कागदाचा प्रवाहो अडावा,
तिथे बातमीने कसा श्वास घ्यावा!

रवींद्रने नाइलाजाने इंग्रजी करून सांगितल्या. साहेब म्हणाले, ‘स्वीट ॲज!’ (इथल्या भाषेत ‘झकास’) आणि पाचवा लाडू उचलला. ओळी अहवालाच्या सुरुवातीला छापायच्या ठरल्या. शिवाय मी पेनरोजला जाऊन कंपनीतल्या लोकांपुढे भाषण करायचं, हेही ठरलं. प्रमोद, निवृत्त झाल्यापासून एवढ्या एकाग्रतेने माझं कुणी ऐकलं नव्हतं. शकुवहिनींना मुद्दाम सांग.

तुझा,
भाऊसाहेब

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी उरलेला एक लाडू खावा म्हणून डबा उघडला. आपल्याकडे तूप शोषायला तळाशी कागद घालतात, तसा मी घातला होता. प्रिंटरपाशी एक पान पडलेलं होतं, पाठीमागून पांढरंशुभ्र, टाकवलं नाही. ते उलटून पाहिलं. एप्रिल ते सप्टेंबर, २००१. घसरण झांबियात झालेली नसून आमच्या डब्यात झाली आहे.

ता. क. (मंगळवार) दोन दिवस ते पान उशीखाली होतं. सांगितलं तर माझं भाषण जातं, न सांगितलं तर पोरीची नोकरी. सकाळी ती कामावर न्यायचा डबा भरत असताना पान पुढे केलं. तिने ते खिडकीशी धरलं. तूप पिऊन कागद इतका पारदर्शक झालेला, की आकडे दोन्ही बाजूंनी लख्ख. ‘बाबा, अहो बाबा!’ एवढंच म्हणाली आणि ओट्याला टेकून हसत सुटली. मग डोळे पुसून बजावलं, ‘यापुढे केळीचं पान आणून देईन, पण माझ्या कागदांना हात नाही लावायचा.’

ता. क. (शनिवार) सहा महिने जागेवर बसले, दरी बुजली, रेघ सरळ वर गेली. चूक स्वतःहून सांगितली म्हणून साहेब उलट खूश. नोकरी पक्की! माझ्या दोन ओळींना मात्र आता झांबियात कुठेच जागा उरली नाही.

ता. क. खरं काम राहिलंच. भाषण रद्द झालेलं नाही. कागदाचा इतका अनुभवी माणूस ऐकायलाच हवा, असं साहेबांचं म्हणणं. डिसेंबरचा दुसरा शुक्रवार, अर्धा तास. आता तो ‘आमच्या’ शब्द. गोदाम तुझं होतं. मी शाळामास्तर, शाळा सुटल्यावर येऊन तुझा चहा प्यायचो आणि रिळावर बसून तुला कविता ऐकवायचो. तेव्हा मला अर्धा तास पुरेल एवढं ज्ञान उलट टपाली पाठव. निदान एवढं तरी नक्की कळव, की रीळ उभं ठेवतात की आडवं. तीस वर्षं त्याच्यावर बसलो, पण आठवतात त्या कविताच.