नियम सात आणि पातेल्याचं झाकण

१२ मार्च

आदरणीय मनांग पुरिंग हिस,

धाकट्या भावाने नमस्कार म्हणून तुझा हात आपल्या कपाळाला लावला आहे असं समजून पुढे वाच. (प्रत्यक्षात तो हात तू नऊ वर्षांत पुढे केलेला नाहीस, म्हणून कागदावरच उरकतो.) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. गुडघा कसा आहे? डावा दुखतो की उजवा, हे मला काही केल्या आठवत नाही. मागच्या दोन नाताळांना पत्रातून विचारलं होतं, पण उत्तर आलं नाही, त्यावरून दोन्ही ठीक असावेत असा मी सोयीचा अर्थ काढला. माझा भाचा एमिल कुठल्या समुद्रात आहे? जानेवारीत त्याने जहाजावरून एक फोटो पाठवला होता. फोटोत निव्वळ पाणी होतं आणि कोपऱ्यात त्याचा अंगठा. अंगठ्याची तब्येत चांगली वाटली.

माझं विचारशील (विचारणार नाहीस, पण रीत म्हणून सांगतो), तर साखर वाढली आहे, केस कमी झाले आहेत आणि या महिन्याच्या अखेरीस मी सांता हेनोवेवा शाळेतून निवृत्त होतो आहे. शाळाही माझ्याबरोबर निम्मी निवृत्त होते आहे. यंदा शेवटच्या वर्गात अकरा मुलं आहेत, त्याखालच्या वर्गात चार, त्यामुळे वरचे वर्ग बंद करायचं सिस्टर इमाकुलातांनी ठरवलं आहे. म्हणजे येत्या २८ तारखेचा पदवीदान समारंभ हा इथला अखेरचा. पदकं मात्र नेहमीच्या हिशोबाने आधीच घडवून आणली होती, ती सत्तावीस आहेत. अकरा मुलं, सत्तावीस पदकं. क्लारिसा देमोनतेवेर्दे या एकट्या मुलीच्या गळ्यात नऊ पडणार आहेत; ती वाकली तर परत सरळ होईल की नाही याची तिच्या आजीला काळजी आहे. उरलेली वाटण्यासाठी आम्ही शिक्षकांनी तीन दुपारी बसून नवनवीन गुण शोधून काढले. एका मुलाला ‘उत्कृष्ट शांतता’ हे पदक आहे. तो वर्गात झोपतो.

तालमी फेब्रुवारीपासून चालू आहेत. दुपारी तीनला, पत्र्याच्या सभागृहात, दोन पंखे लावून, त्यातला एक फिरतो. संचलनाची कॅसेट तीच आहे, तुझ्या एमिलच्या वेळची. आता ती इतकी ताणली गेली आहे की सूर मधेच बसतो आणि मुलं दोन पावलं, थांबा, दोन पावलं, थांबा करत अशी चालतात की पुढे शवपेटी कुठे आहे ते बघावंसं वाटतं. शिवाय अकरा जणांची रांग म्हणजे केवढी! वाजंत्री रंगात येण्याआधीच सगळे आपापल्या खुर्चीत. यावर सिस्टरनी तोडगा काढला की सभागृहाला तीन फेऱ्या मारायच्या. मंगळवारी दुसऱ्या फेरीत वीज गेली, कॅसेट थांबली, मुलं ‘थांबा’च्या पावलावर एक पाय पुढे टाकून उभी राहिली आणि वीज येईपर्यंत वीस मिनिटं कोणी हललं नाही. इतकी आज्ञाधारक मुलं या शाळेत याआधी आली असती, तर शाळा बंद पडायची वेळ आली नसती. (किंवा लवकर आली असती. नक्की सांगता येत नाही.)

आता माझी अडचण ऐक. शाळेत तीस वर्षं काढलेल्या शिक्षकाला त्याच समारंभात सेवापदक देतात, हे तुला माहीत आहे. आणि आपल्याकडे पदक सिस्टर घालत नाहीत. घरचं माणूस मंचावर येतं आणि गळ्यात घालतं, हेही माहीत आहे. (तुला हे मी सांगायला नको, कळतंय मला.) नावं पुकारण्याचं काम सत्तावीस वर्षं माझ्याकडे आहे. मी सिस्टरना म्हटलं, यंदा निदान माझं नाव तरी दुसऱ्या कोणाला पुकारू द्या.

“दुसऱ्या कोणाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो, सर?”

“सिस्टर, यंदा मागची रांगच नाहीये.”

“म्हणून काय हळू बोलायचं?” असं म्हणून त्या निघून गेल्या. तेव्हा ठरलं ते असं: मी माईकवर माझंच नाव गंभीर आवाजात पुकारणार, कागद ठेवणार, पायऱ्या उतरून खाली जाणार (कारण पदक घेणारा खालूनच वर यायला हवा, यावर सिस्टर ठाम आहेत), वळणार आणि स्वतःच्या पुकाऱ्याला मान देऊन पुन्हा वर येणार. सोमवारी तालीम केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. उत्कृष्ट शांततावाला जागा झाला.

हेही निभावलं असतं. पण फॉर्म असतो ना! ‘मंचावर सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव व नातं.’ मी शेजारच्या नोंग तासिओचं नाव लिहून टाकलं. रोज संध्याकाळी तो माझ्याशी सोंगट्या खेळतो आणि हरला की पट उलटवतो; याहून घरचं माणूस कसं असतं? कार्यालयातल्या लुदिविनाने फॉर्म चष्म्याच्या वरून वाचला आणि मला परत केला.

“नातं काय लिहू, सर? सोंगट्या?”

“शेजारी लिहा.”

“नियम सात, सर. रक्ताचं नाहीतर लग्नाचं. तुमच्याच अक्षरात आहे, भिंतीवर लावलाय. काच पुसून दाखवू?”

दाखवायची गरज नव्हती. तो नियम मीच केला, एमिलच्या समारंभानंतर, पुन्हा तसा घोळ होऊ नये म्हणून. गेल्या वर्षी एका मुलीची आई हाँगकाँगला कामाला होती, आणि मुलीने तिला सहा वर्षं शाळेत आणणाऱ्या ट्रायसिकलवाल्याचं नाव लिहिलं. तो बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून आला होता. मी नियम सातवर बोट ठेवून त्याला खाली बसवलं आणि मुलीच्या गळ्यात पदक तिच्या एका चुलत मामाने घातलं, ज्याला तिचं नाव दोनदा विचारावं लागलं. मला तेव्हा आपण फार शिस्तीचे आहोत असं वाटलं होतं.

तर माझ्याकडे लग्नाचं कोणी नाही, ते तुला ठाऊक आहे. रक्ताचा एमिल समुद्रात आहे. बाकी कोण उरतं, याची यादी मी करून पाहिली. अर्ध्या मिनिटात झाली.

एमिलच्या समारंभाचा विषय निघालाच आहे (मी काढलेला नाही, लुदिविनाने काढला), तर पुन्हा एकदा सांगतो की तो टंकलेखनातला घोळ होता. कार्यालयाने जुना दाखला बघून यादी केली, आणि माझ्यासमोर ‘सोबत वडील, श्री. बेर्नार्दो’ असं आलं ते मी वाचलं. पुकारणारा समोर असतं ते वाचतो. तुझा एक पाय पहिल्या पायरीवर होता, अंगावर तो पिकल्या आंब्याच्या रंगाचा पोशाख होता, आणि तुला सोडून सेबूला दुसरं घर मांडलेला नार्दिंग मागच्या दारातून आला आणि तुझ्या शेजारून वर चढला, हे मी माईकमागून पाहिलं. मुलांसाठी आणलेलं पान्सितच्या शेवयांचं भरलेलं पातेलं उचललंस आणि बोटीकडे निघून गेलीस. झाकण राहिलं.

पत्र लिहिण्याचं कारण खरं तर एवढंच, की ते झाकण माझ्याकडे आहे. ॲल्युमिनियमचं आहे, मूठ जरा हलते. मी ते दर नाताळला घासतो. ते कसं पोचवावं, हे कळव. बोटीवर कोणाच्या हाती द्यायला धीर होत नाही.

एमिलला आशीर्वाद. तुझ्या ऑर्किडना फुलं येवोत.

तुझा धाकटा भाऊ,
तोतो सेंदो

ता. क. झाकण न्यायला तू स्वतः आलीस तर? २८ तारीख शनिवार आहे. बाकोलोदहून सकाळची बोट सातला सुटते. मी धक्क्यावर उभा राहीन. समारंभ दहाला आहे. मधल्या वेळात काय करायचं, ते तू ठरव.

ता. क. २. लुदिविना तीन दिवस मागे लागली होती. “छापखान्याचा माणूस दारात बसलाय, सर. जागा रिकामी सोडली तर लोक विचारतील.” म्हणून मी तुझं नाव दिलं. न विचारता दिलं. कार्यक्रमपत्रिका काल छापून आल्या: ‘सोबत थोरली बहीण, श्रीमती पुरिफिकासिओन.’ दोनशे प्रती आहेत. इतकी माणसं येणार नाहीत.

ता. क. ३. वर टंकलेखनाचा घोळ लिहिलं आहे, ते खोडून टाकावं म्हणून पत्र दोनदा उघडलं. खोडत नाही, इथे लिहितो. लुदिविनाने बरोबर टाईप केलं होतं. ‘सोबत आई.’ त्या सकाळी नार्दिंग शाळेच्या मागच्या फाटकाशी उभा होता, रात्रभर बोटीने येऊन, नवा बारोंग सदरा घालून. दुकानातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. “तोतो,” तो म्हणाला, “एकदाच. पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही.” मला नाही म्हणता आलं नाही, आणि तुला विचारायची हिंमत झाली नाही. मी पेन काढून तुझं नाव खोडलं आणि वर त्याचं लिहिलं. त्या ओळीत दोन्ही नावं मावली असती. तेव्हा सुचलं नाही. नंतर रोज सुचलं. शाळेने लुदिविनाकडून यादीचं काम काढून घेतलं आणि दोन वर्षं तिला ग्रंथालयात धूळ झटकायला बसवलं, तेव्हाही मी गप्प राहिलो, आणि वर नियम केला. काल तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं, सर. खाडाखोड तुमच्या शाईची होती.” मग म्हणाली, “तुमच्या बहिणीला सांगा. मी काय, मी पगारी आहे.”

आता तू यावंस असं म्हणायला मला तोंड नाही. पण पत्रिकेत आहे ते मी वाचणार. तुझं नाव वाचून खाली उतरेन आणि माणसाला चार पायऱ्या चढायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ थांबेन. कठडा फक्त डाव्या बाजूला आहे. गुडघा कोणता, ते म्हणून विचारलं.